वाचतो खडाखडा, पण 'नेमकं काय सांगितलंय?' विचारलं की गाडी अडते

अर्धविराम

मुलगा तिसरीत आहे. वाचतो खडाखडा, जोडाक्षरांनाही अडखळत नाही. पण वाचून झाल्यावर "यात मुख्य काय सांगितलंय?" असं विचारलं की गाडी अडते. एक तर पहिल्या ओळीपासून अख्खा उतारा परत म्हणून दाखवतो, नाहीतर त्यातलं जे सगळ्यात भन्नाट असेल तेवढंच उचलून मोकळा होतो.

परवाचा उतारा असा होता:

"उंटाच्या वशिंडात चरबी साठलेली असते. अन्न मिळालं नाही की ती त्याच्या उपयोगी पडते. उंटाला नाकपुड्या हव्या तेव्हा मिटता येतात. वाळू जाऊ नये म्हणून त्याच्या डोळ्यांना तीन पापण्या असतात. त्याचे पाय पसरट असल्याने वाळूत रुतत नाहीत. पाणी मिळालं की तो एका दमात शंभरेक लिटर पाणी पिऊ शकतो."

मुख्य मुद्दा काय? तर म्हणे, "उंटाला तीन पापण्या असतात." अरे, पण हे सगळं मिळून काय सांगतंय? तर म्हणे, "उंट."

"पहिलं आणि शेवटचं वाक्य बघायचं, मुद्दा तिथेच असतो" असा सल्ला एकदोघांनी दिला. इथे पहिलं वाक्य चरबीचं, शेवटचं पाण्याचं. मुद्दा दोन्हीकडे नाही. मग मुलाला सांगायचं काय? आणि हे वय यासाठी लवकर तर नाही ना? कोणी घरी किंवा वर्गात हे शिकवलं असेल तर कृपया लिहा.

निरुद्योगी

तीन पापण्या?? हे मलाही माहीत नव्हतं. मी मुलाच्या बाजूने.

तिरकस

निरुद्योगी यांच्याशी सहमत. उद्या कोणी मला हा धागा कशाबद्दल होता असं विचारलं तर मीही "उंट" असंच सांगणार.

खडूफळा

प्राथमिकच्या वर्गाला शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अर्धविरामताई, तुमच्या मुलाची दोन्ही उत्तरं अगदी ठरलेली आहेत. दरवर्षी वर्गात ऐकते. पण ती दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, म्हणून उपायही वेगळे.

"उंट" हा विषय झाला. म्हणजे उतारा कशाबद्दल आहे हे त्याला बरोबर कळलंय, अर्धं काम झालंय. तिथे "चूक" म्हणायचं नाही. म्हणायचं, "हो, उंटाबद्दलच आहे. आता उंटाबद्दल काय म्हणायचंय लिहिणाऱ्याला?" विषय एका शब्दात सांगता येतो, मुद्द्याला पूर्ण वाक्य लागतं, क्रियापदासकट. मी मुलांना एवढंच सांगते की उत्तरात क्रियापद नसेल तर काम अजून बाकी आहे. मुलांना हा नियम आवडतो, कारण तो त्यांना स्वतःला तपासता येतो.

तीन पापण्यांचं प्रकरण वेगळं. मुलाला वाटतं, 'मुख्य' म्हणजे मला सगळ्यात जास्त आवडलेलं. त्याच्या बाजूने विचार केला तर यात गैर काय? आपण "महत्त्वाचं काय" असं विचारतो, पण कोणासाठी महत्त्वाचं ते सांगत नाही. म्हणून आधी त्याला आवडलेलं सांगू द्यावं, मनापासून ऐकावं, आणि मग म्हणावं, "हे तुला आवडलेलं. आता लिहिणाऱ्याने ही सगळी वाक्यं एकत्र का आणली असतील?" आवडीला वाट मिळाली की ती मुद्द्याच्या जागी घुसत नाही.

वयाचं म्हणाल तर तिसरी अजिबात लवकर नाही. फक्त सुरुवात छापील उताऱ्यापासून करू नका. मी तोंडी याद्यांपासून करते. करवत, हातोडा, पकड, पाना: ही सगळी कोण? "अवजारं." मग चार छोटी वाक्यं तोंडी. मग एखादं चित्र, ज्यात बरंच काही चाललंय: "या चित्राला एका वाक्यात सांग." त्यानंतर चार-पाच ओळींचा उतारा, तोही मी वाचून दाखवलेला. आणि सगळ्यात शेवटी त्याने स्वतः वाचलेला. लहान मुलाची निम्मी ताकद अक्षरं उलगडण्यात जाते. त्याच वेळी वर उभं राहून सगळ्याकडे बघायला सांगितलं तर तो बघणार कुठून?

घुबड

सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो.

पोराने उंटाबद्दल वाचलं, तीन पापण्यांनी हरखून गेला, तुम्हाला येऊन सांगितलं. वाचनाचं सार्थक झालं की! त्यावर आपण "मुख्य मुद्दा काय" ही पोलिसी चौकशी लावतो. प्रत्येक पानानंतर चौकशी होणार असेल तर शहाणं पोर पान उघडणारच नाही. मोठ्यांपैकी कोण कादंबरी संपवून मध्यवर्ती कल्पना लिहून काढतं?

पानगळ

@घुबड, कादंबरीची नाही काढत, पण कचेरीत आलेल्या दोन पानी पत्राची काढतोच ना? "थोडक्यात काय, सोमवारपर्यंत पाठवायचंय" हे जमलं नाही तर नोकरी राहायची नाही.

माझा अनुभव सांगते. लेकीला कोणीतरी शिकवलं की महत्त्वाच्या ओळी पिवळ्या पेनने रंगवायच्या. तिने अख्खं पान पिवळं केलं. म्हटलं, अगं, सगळंच? तर म्हणाली, "महत्त्वाचं नसतं तर त्यांनी लिहिलंच कशाला असतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तिरकस

लेकीला साष्टांग दंडवत. संपादक होणार ती. किंवा कधीच होणार नाही.

पानगळ

:) पुढचं लिहायचं राहिलं. रंगवणं बंद करून आम्ही उलटं सुरू केलं. उतारा कागदावर लिहायचा, वाक्यांच्या पट्ट्या कापायच्या, आणि एकेक पट्टी उचलून विचारायचं, "ही काढली तर काय बिघडेल?" निवडायला सांगितलं की तिला सगळंच हवं असायचं. काढायला सांगितल्यावर मात्र एकदम कडक झाली. "हे तर आधी सांगितलंय, काढ. हे नुसतं उदाहरण आहे, काढ." शेवटी एक-दोन पट्ट्या उरतात. कधीकधी एकही उरत नाही, म्हणजे सगळी उदाहरणंच असतात, आणि मग आपल्याला कोऱ्या पट्टीवर वाक्य लिहावं लागतं. तिथे मात्र ती अडते.

जुनी वही

पानगळ, तुमची लेक जिथे अडते तिथे जवळपास सगळेच अडतात, आणि याचा चांगला अभ्यास झालेला आहे. ॲन ब्राऊन आणि जीन डे या दोघींनी १९८३ साली वेगवेगळ्या वयाच्या विद्यार्थ्यांना उताऱ्यांचे सारांश लिहायला लावले आणि कोण काय करतं ते पाहिलं. बिनमहत्त्वाचं गाळणं, तेच तेच गाळणं हे पाचवीच्या मुलांनाही छान जमत होतं. तीन-चार गोष्टींऐवजी एक व्यापक शब्द वापरणं (खडूफळाताईंची 'अवजारं') ही त्यापुढची पायरी. उताऱ्यात मुद्द्याचं वाक्य असेल तर ते हुडकणं त्याहून अवघड. आणि तसं वाक्य नसेल तर स्वतः तयार करणं सगळ्यात अवघड. ते कॉलेजच्या विद्यार्थ्यांनाही दर वेळी साधलं नव्हतं.

म्हणजे अर्धविराम यांच्या मुलापुढे आलेला उंटाचा उतारा शेवटच्या पायरीवरचा आहे. मुद्द्याचं वाक्य त्यात कुठेच नाही! तो अडला यात नवल नाही.

राहिला पहिल्या आणि शेवटच्या वाक्याचा सल्ला. रिचर्ड ब्रॅडक यांनी १९७४ साली नामांकित अमेरिकी मासिकांतले लेख घेऊन परिच्छेद न् परिच्छेद तपासला. मुद्द्याच्या वाक्याने सुरू होणारे परिच्छेद भरले जेमतेम १३ टक्के. शाळेसाठी मुद्दाम रचलेल्या उताऱ्यांत हे प्रमाण जास्त असणार हे उघड आहे, म्हणून ही युक्ती शाळेत चालते आणि बाहेर पडल्यावर तोंडघशी पाडते.

तिरकस

म्हणजे ८७ टक्के परिच्छेद मुद्द्यावर यायला वेळ लावतात. इथल्या प्रतिसादांची परंपरा फार जुनी आहे तर.

शाईचा डाग

मी शिकवण्या घेतो. जुनी वही यांचं सगळं मान्य, पण परीक्षेत "उताऱ्याला योग्य शीर्षक द्या" हा प्रश्न येतो तेव्हा मुलाला ब्रॅडक कामाला येत नाही. पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, सारखा येणारा शब्द: या तीन ठिकाणी बघायचं, गुण पदरात पाडायचे. दहातल्या सहा-सात वेळा लागू पडतं. पालकांना तेच हवं असतं.

घुबड

आणि उरलेल्या तीन-चार वेळा?

शाईचा डाग

उरलेल्या वेळी 'माझा आवडता प्राणी'. :)

चेष्टा जाऊ द्या. युक्तीला युक्ती म्हणूनच शिकवतो मी. "इथून शोधायला सुरुवात कर" असं सांगतो, "इथे असतंच" असं नाही. सारखा येणारा शब्द तर खरोखर उपयोगाचा आहे, विषय हमखास मिळतो. पण आठ वर्षांच्या मुलाला युक्त्या आधी आणि विचार नंतर, हे मलाही पटत नाही. तो क्रम मोठ्या वर्गांसाठी ठीक आहे, तिथे वेळच नसतो.

किनारा

इतक्या चर्चेत एक गोष्ट राहून जातेय असं वाटलं.

मूल मुद्दा सांगत नाही याची कारणं निरनिराळी असू शकतात, आणि कारण कळल्याशिवाय उपाय म्हणजे अंधारात दगड. एक साधी चाचणी घरी करता येते. त्याच तोडीचा दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा, त्याने फक्त ऐकायचं. मग विचारा. ऐकून नीट सांगता आलं तर अडचण समजण्यात नाही, वाचण्याच्या कष्टात आहे. खडाखडा वाचणारी मुलंही कधीकधी सगळं लक्ष उच्चारात घालतात, त्यातून अर्थ निसटतो. ऐकूनही सांगता आलं नाही तर शब्दसंग्रह, वाक्यं समजणं, मुळात सारांश करायची सवय, इकडे बघावं लागेल. गफ आणि टनमर यांनी १९८६ साली मांडलेली सोपी मांडणी हीच आहे: अक्षरं उलगडता येणं आणि भाषा ऐकून समजणं यांचा गुणाकार म्हणजे वाचून समजणं. गुणाकार, बेरीज नाही. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच.

आणि ऐकताना, बोलतानाही मूल सतत अडत असेल, साध्या सूचना निसटत असतील, तर मुख्य मुद्द्याचा नाद सोडून आधी तज्ज्ञांना दाखवलेलं बरं. धाग्यातल्या मुलाबद्दल तसं काही दिसत नाही, वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

अर्धविराम

किनारा, ही चाचणी आजच केली. मधमाशीवरचं एक पान वाचून दाखवलं. आधी "मधमाशी" हेच आलं, मग मी खडूफळाताईंचं क्रियापद काढलं, तर म्हणाला, "मधमाश्या एकमेकींना फुलांचा पत्ता नाचून सांगतात." हे त्या पानाचं मुख्य वाक्यच आहे! म्हणजे ऐकून जमतंय.

खडूफळा

छान. आणि ते पान बहुधा एकाच गोष्टीभोवती फिरत असणार. उंटाच्या उताऱ्यात सहा सुट्या गोष्टी आहेत. जुनी वही म्हणतात तसं, तो वरच्या इयत्तेचा घास आहे.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल अजून एक लिहायचं होतं. मुलांना आपण उत्तर दाखवतो, उत्तरापर्यंतची वाट दाखवत नाही. त्यांना वाटतं, मोठ्या माणसांना एकदम दिसतं. म्हणून मी फळ्यावर उतारा लिहिते आणि मोठ्याने विचार करते, चुकतमाकत. गांडुळाचा उतारा घेते:

"गांडुळं जमिनीत बिळं करतात. त्या बिळांतून हवा आणि पाणी मुळांपर्यंत पोचतं. गांडुळं पालापाचोळा खातात. त्यांच्या विष्ठेतून झाडांना लागणारी द्रव्यं मातीत मिसळतात. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते त्वचेतून श्वास घेतं."

आणि बोलत जाते: "पहिलं वाक्य बिळांचं. म्हणजे गांडुळाच्या घराबद्दल असणार. हं, पुढे मुळांना हवा-पाणी मिळतं म्हणतायत. घर कुठे गेलं? माझा अंदाज बदलला, आता झाडांबद्दल वाटतंय. पालापाचोळा खातात... हे खाण्याबद्दल झालं, बसत नाही. थांबा, पुढे विष्ठेतून मातीत द्रव्यं. अच्छा, खाण्याचंही मातीसाठीच सांगितलं होतं! मग गांडुळांमुळे माती सुपीक होते, असं म्हणूया. आता फुप्फुसं. ही कुठे ठेवू?"

इथे मी गप्प बसते. वर्ग ओरडतो, "बाई, ते काढा!" कोणीतरी हमखास म्हणतं, "नको, ते भारी आहे." मग आम्ही ते फळ्याच्या कोपऱ्यात 'भारी पण बाहेरचं' अशा चौकटीत लिहितो. पुसत नाही. ती चौकट वर्षअखेरपर्यंत सगळ्यात लोकप्रिय असते.

यातला खरा धडा अंदाज बदलण्याचा. पहिल्या ओळीवरून बांधलेला अंदाज तिसऱ्या ओळीला सोडता येणं, हे मुलांनी समोर घडताना बघायला हवं.

निरुद्योगी

'भारी पण बाहेरचं' हे माझ्या आत्मचरित्राचं शीर्षक.

जुनी वही

खडूफळाताईंच्या त्या चौकटीमागेही शास्त्र आहे बरं का. रुथ गार्नर आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली कीटकांवरचा उतारा वाचायला दिला. काहींच्या उताऱ्यात चटकदार पण मुद्द्याशी संबंध नसलेली माहिती घुसवली होती. ज्यांनी चटकदार उतारा वाचला त्यांना मुख्य मुद्दे कमी आठवले. आणि यात मोठी माणसंही होती, नुसती मुलं नव्हे. तेव्हा तीन पापण्यांना भुलणं हा बालिशपणा नाही, माणसाचा स्वभाव आहे.

फक्त एक फरक. उंटाच्या उताऱ्यात पापण्या बाहेरच्या नाहीत, आतल्याच आहेत. त्या मुद्द्याचा पुरावा आहेत. गांडुळाची फुप्फुसं खरी बाहेरची. मुलांना हे दोन प्रकार वेगळे कळायला हवेत: एक मुद्द्याला आधार देणारा तपशील, दुसरा नुसताच शेजारी येऊन बसलेला.

घुबड

आता मीही थोडा अभ्यास आणतो, नाहीतर मला आळशी समजाल.

रेक्ट आणि लेस्ली, १९८८. ६४ मुलं, आपल्या सातवी-आठवीच्या वयाची. बेसबॉलच्या खेळातल्या एका डावाच्या तुकड्याचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात हुशार, काही कच्ची. काहींना बेसबॉलची खडान्‌खडा माहिती, काहींना गंध नाही. वाचून झाल्यावर मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर लाकडी खेळाडू हलवून काय घडलं ते दाखवायचं, सारांश सांगायचा, आणि कोणती वाक्यं महत्त्वाची तेही निवडायचं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली.

म्हणजे 'महत्त्वाचं काय' हे कळायला त्या विषयातलं आधी थोडं माहीत असावं लागतं. ज्याला वाळवंट म्हणजे काय हेच डोळ्यांसमोर येत नाही, त्याच्यासाठी नाकपुड्या, पाय आणि चरबी या तीन असंबद्ध गोष्टी आहेत. त्याला पट्ट्या कापायला लावा नाहीतर क्रियापद मागा, जोडणारा धागा त्याच्या डोक्यात नाहीच. म्हणून म्हणतो, मुद्दा शोधण्याचे तास कमी करा आणि पोरांना उंट, वाळवंट, समुद्र, ग्रहतारे यांच्याबद्दल भरपूर वाचून दाखवा. तीन पापण्या जमवत राहिला तर एक दिवस मुद्दा त्याचा तोच बांधेल.

शाईचा डाग

घुबडराव, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत होतोय, नोंद करून ठेवा. फक्त 'त्याचा तोच' हे पटत नाही. माहिती भरपूर असलेली आणि तरीही विचारल्यावर सगळीच्या सगळी अंगावर ओतणारी मुलं माझ्याकडे आहेत. मुलंच कशाला, मोठी माणसंही.

तिरकस

नावं घ्या.

पानगळ

अवांतर: गोष्टींचं काय करता? माहितीच्या उताऱ्याला हे सगळं चालतं. पण गोष्ट वाचून मुख्य काय विचारलं की आमच्याकडे तात्पर्य येतं. कुठलीही गोष्ट असो, "खोटं बोलू नये." गोष्टीत कोणी खोटं बोललेलंच नसलं तरी.

निरुद्योगी

आमच्याकडे "एकीचे बळ". गोष्टीत पात्र एकच असलं तरी.

खडूफळा

हाहा! हे आपण मोठ्यांनीच लावून ठेवलंय. प्रत्येक गोष्टीच्या शेपटाला तात्पर्य बांधलं की मुलं गोष्ट न वाचता शेपूट शोधतात.

गोष्टीसाठी मी वेगळा साचा वापरते. कोणाला काय हवं होतं, पण काय आडवं आलं, म्हणून काय केलं, शेवटी काय झालं. उदाहरणार्थ: "एका मुलीला झाडावर अडकलेला पतंग हवा होता, पण तिला झाडावर चढायची भीती वाटत होती, म्हणून तिने काठीला आकडी बांधली, शेवटी पतंग फाटला पण हाती आला." गोष्ट आठ पानांची असली तरी या एका वाक्यात बसते. सगळ्यात मोलाचा शब्द 'पण'. मूल 'पण' नीट भरू शकलं तर गोष्ट कळलीये. तात्पर्य काढायचंच असेल तर त्यानंतर, आणि ते प्रत्येकाचं वेगळं असू शकतं. एक मुलगा म्हणाला होता, "पतंग झाडाजवळ उडवू नये." काय चुकीचं आहे यात?

किनारा

'पण' ची युक्ती उचलतेय. आणि घरी करायचं असेल तर आलटूनपालटून करा असं सुचवेन. एका परिच्छेदाला मूल शिक्षक, पुढच्याला तुम्ही. शिक्षकाने थोडक्यात सांगायचं, एक प्रश्न विचारायचा, न कळलेलं विचारायचं, पुढे काय येईल याचा अंदाज करायचा. पॅलिंक्सर आणि ब्राऊन यांनी १९८४ साली हीच पद्धत वाचता येणाऱ्या पण समजण्यात मागे पडणाऱ्या मुलांवर वापरली आणि त्यांना चांगला फरक दिसला. घुबडराव म्हणतात ती चौकशीही त्यामुळे टळते, कारण प्रश्न मूलही विचारतं. आणि आपलं उत्तर तपासताना मुलांची जी नजर असते ती कोणत्याही परीक्षकाची नसते.

घुबड

हे आवडलं. चौकशी उलटी झाली की ती खेळ होते. मात्र रात्री झोपताना वाचायची पुस्तकं यातून वगळा एवढीच विनंती. तिथे पापण्या मोजू द्या.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. उंटाकडे परत गेलो, तेव्हा काय झालं ते सांगते.

घुबडराव म्हणाले म्हणून आधी वाळवंटाची चित्रं पाहिली, वादळात वाळू उडताना कशी दिसते ते पाहिलं. मग पानगळची पद्धत, सहा वाक्यांच्या सहा पट्ट्या. त्याला एकही काढवेना, कारण सगळ्या उंटाच्याच. मग म्हटलं, काढू नकोस, जी एकत्र राहतील त्यांचे गट कर. नाकपुड्या, पापण्या, पाय एकत्र आले. "ही वाळूची." मग क्रियापदासकट वाक्य आलं: "उंटाकडे वाळूसाठी सगळं सामान असतं."

मी खूश झाले, "वा" म्हणणारच होते, तेवढ्यात त्यानेच उरलेल्या पट्ट्या हातात धरल्या. चरबी आणि पाणी. "यांचं वाळूशी काय?" बराच वेळ पट्ट्या इकडून तिकडे. मग विचारलं, "तिथे खायला मिळतं का?" म्हटलं, फार कमी. "आणि पाणी?" म्हटलं, तेही क्वचित. मग वाक्य बदललं: "उंटाकडे वाळवंटात राहायचं सगळं सामान असतं." आणि सगळ्या पट्ट्या त्याखाली सरकवल्या.

पापण्यांची पट्टी मात्र सगळ्यात वर ठेवली. "ही मुख्य नाही, पण पहिली."

जुनी वही

"यांचं वाळूशी काय?" हा प्रश्न त्याने आपणहून विचारला, हे मला वाक्यापेक्षा मोठं वाटतं. आपलं वाक्य सगळ्या तपशिलांना पुरतं का, हे तपासायला बहुतेक मोठ्यांनाही सांगावं लागतं.

पुढच्या वेळी उलट चूक होते का तेही बघा. काही मुलं इतकं रुंद वाक्य करतात की त्यात काहीही मावतं. "प्राण्यांची शरीरं वेगवेगळी असतात." खोटं नाही, पण हा उतारा ते सांगत नाही. तेव्हा विचारायचं, "हे वाक्य वाचून कोणाला उंट आठवेल का?"

शाईचा डाग

परीक्षेत अशा रुंद वाक्यांना अर्धा गुण मिळतो. त्यामुळे मुलं ती सोडत नाहीत.

खडूफळा

अर्धविरामताई, आता त्याच उताऱ्यात एक उपरं वाक्य तुम्ही घुसवा. "उंटाच्या केसांपासून कापड विणतात" असं काहीतरी. त्याला न सांगता पट्ट्यांमध्ये मिसळा आणि तो ती कुठे ठेवतो ते बघा. त्यानंतर त्यालाच एक उतारा रचायला सांगा: मुद्दा तो ठरवणार, चार वाक्यं लिहिणार, एक उपरं घुसवणार, आणि तुम्ही शोधायचं. लिहिताना मुद्दा आधी ठरवावा लागतो, त्यामुळे वाचताना तो कुठे असतो ते लवकर उमगतं. मुलं उपरं वाक्य इतकं बेमालूम लपवतात की बघत राहावं.

निरुद्योगी

मलाही खेळायचंय. इथेच धागा चालवूया का?

पानगळ

+१. आणि कवितेचं काय करायचं हे कोणी सांगेल का? लेकीला पुढच्या आठवड्यात पावसाच्या कवितेची मध्यवर्ती कल्पना लिहायची आहे. पट्ट्या कापल्या, एकही काढू देत नाहीये.

घुबड

नका काढू!

खडूफळा

कवितेसाठी वेगळा धागा काढा पानगळ, इथे उंट आणि पाऊस एकत्र नको. मी येते तिकडे.